हिरवं कणीस मोजायचं नसतं

पुडकी दोन होती, पाव-पाव किलोची, आणि बाहेरून अगदी सारखी. फरक कळावा म्हणून झिबुयिलेने एका पुडक्याला लाल लोकरीचा धागा बांधला, दुसऱ्याला पांढरा. लाल धाग्याच्या पुडक्यातल्या मक्याला खोडकिडा लागत नाही, असं कृषी सहायक सेले यांचं म्हणणं होतं. पांढऱ्या धाग्यातलं वाण तेच, दाणा तोच. फक्त किड्याला मारणारा तो एक गुण त्यात घातलेला नव्हता. दोन्ही शेजारी शेजारी लावायची, एकाच दिवशी खुरपायची आणि मे महिन्यात वजन करून बघायचं.

ह्लाबिसा गावाच्या उतारावरच्या बायकांच्या शेतकरी मंडळात बावीस जणी होत्या. ऑक्टोबरातल्या बैठकीत सेले यांनी पुडकी टेबलावर मांडली, तेव्हा बराच वेळ कोणी हात पुढे केला नाही.

"किडा पान खातो आणि मरतो," शेजारची माखोझा म्हणाली. "तेच कणीस मग आम्ही खायचं. आमचं काय होतं?"

"किड्याच्या पोटात आणि तुमच्या पोटात फरक असतो, माखोझा."

"हे माझ्या नवऱ्याला सांगा, बाबा सेले. त्याला तो फरक अजून दिसलेला नाही."

सगळ्या हसल्या. हसू ओसरायच्या आत झिबुयिले उठली आणि तिने पुडकी उचलली. तिच्यामागून आणखी आठ जणींनी घेतली. सेले यांनी प्रत्येकीला एक पातळ वही दिली. पेरणी कधी, खुरपणी कधी, पाऊस कधी, ते त्यात लिहायचं. शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून दिली होती: मधे तोडलेली हिरवी कणसं, लाल किती, पांढरी किती. "ही ओळ विसरू नका," ते म्हणाले. बायकांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकीनेही ती ओळ भरली नाही. पण ते पुढे.

झिबुयिलेला सासरी सगळे मासिबिया म्हणत, तिच्या माहेरच्या कुळावरून. वय बेचाळीस. नवरा रिचर्ड्‌स बेच्या बंदरावर कामाला, महिन्याच्या शेवटी घरी. घरातलं सगळं चालायचं सासूच्या शब्दावर. सासूला सारा गाव गोगो म्हणायचा, म्हणजे आजी. झिबुयिले तिला आई म्हणायची. गोगोच्या स्वयंपाकाच्या झोपडीत चुलीच्या वर, आढ्याला, सालासकट बांधलेल्या कणसांच्या जुड्या टांगलेल्या असत. धुराने त्या काळ्या पडत आणि त्यांना भुंगा लागत नसे. ते तिचं बियाणं. लग्न होऊन आली तेव्हा तिने ते माहेरून डोक्यावर आणलं होतं, आणि तेव्हापासून ओढ्याकाठच्या शेतात दुसरं बी पडलं नव्हतं.

ओढ्याकाठचं शेत हेच त्यांचं खरं शेत. घरामागचा तुकडा नावालाच. आदल्या वर्षी त्या शेतात खोडकिडा असा शिरला की धाटं कमरेतून मोडली, आणि ऑगस्टपासून पीठ दुकानातून आणावं लागलं. सहा माणसांच्या घरात दुकानाचं पीठ म्हणजे नवऱ्याच्या पगाराला भोक. या वर्षीही तसंच झालं तर धाकट्या मुलीची शाळा सुटणार, हे झिबुयिलेला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिने पुडकी घरी आणली तेव्हा गोगो अंगणात चटईवर पाय पसरून शेंगा सोलत होती.

"यातलं बी पुढच्या वर्षाला ठेवता येतं का?" तिने विचारलं.

"नाही, आई. ठेवलं तर पुढच्या वर्षी निम्मा जोर जातो. दर वर्षी नवं घ्यायचं."

"म्हणजे गाय आपण पाळायची आणि वासरू दुकानदाराचं."

"पण दूध तरी घरात येईल. गेल्या वर्षी गाय आपली, वासरू आपलं, आणि मडकं कोरडं."

सुनेच्या तोंडी हे जरा जास्त झालं होतं. झिबुयिलेने लगेच मान खाली घातली. गोगोने दोन-तीन शेंगा सोलल्या, दाणे पाटीत टाकले आणि मग म्हणाली, "घरामागच्या तुकड्यात लाव. दोन्ही लाव. सेलेच्या काट्यावर जी बाजू जड भरेल, तीच पुढच्या साली ओढ्याकाठी जाईल."

"आणि लाल बाजू हलकी भरली तर?"

"तर ओढ्याकाठी माझं बी. आणि मी जिवंत असेपर्यंत बियाण्याचा विषय माझ्यापुढे काढायचा नाही."

"बरं, आई," झिबुयिले म्हणाली.

तिने दाणे मोजून पेरले. लाल सातशे चार, पांढरे सहाशे अठ्ठ्याण्णव. पेरलेलं बी मोजायला कोणाची हरकत नसते. मधल्या सरीत तिने एक काठी रोवली आणि तिला दोन्ही धागे बांधले, आपापल्या दिशेला.

पाऊस वेळेवर आला. मका गुडघ्याला लागला तेव्हा गोगो सवयीप्रमाणे सकाळी डब्यात राख आणि बारीक वाळू घेऊन ओढ्याकाठच्या शेतात फिरू लागली. प्रत्येक पोंग्यात, म्हणजे वरच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, चिमूटभर. खोडकिड्याची अळी पोंग्यातून खाली उतरते, तिचा रस्ता असा बंद करायचा. घरामागे मात्र राख टाकायची नाही, दोन्ही बाजूंना काहीच द्यायचं नाही, असं सेले यांनी बजावलं होतं. गोगो काठीजवळ उभी राहून बघायची. डिसेंबरच्या मध्याला पांढऱ्या बाजूच्या पानांवर एका ओळीत भोकं दिसायला लागली, सुईने टोचल्यासारखी. लाल बाजूची पानं अखंड होती. गोगोने एक पान हातात धरून उलटंपालटं करून बघितलं आणि सोडून दिलं.

फेब्रुवारीत कणसं भरली.

गोगोला वरचे चार दात होते आणि खालचे दोन. वर्षातले हे चार-पाच आठवडे तिचे सणाचे. कोवळं कणीस उकडून हातात घेतलं की ती बोटाने दाणे सुटे करून खायची, आणि अर्ध्यात अळी निघाली की थुंकून उरलेलं कोंबड्यांना टाकायची. शिवाय गुरुवार. दर गुरुवारी दुपारी चर्चच्या बायका लाल जाकिटं आणि पांढऱ्या टोप्या घालून कोणाच्या तरी अंगणात प्रार्थनेला जमत. फेब्रुवारीत गोगो त्यांना टोपलीभर उकडलेली कणसं नेई. तिच्या कणसांची वाट बघितली जायची.

पहिल्या गुरुवारी सकाळी झिबुयिले भांडी घासत होती. तिने मान वर केली तर गोगो टोपली घेऊन घरामागे चाललेली. ती काठीपाशी थांबली. पांढऱ्या बाजूचं एक कणीस तोडून तिने शेंडा सोलला. आत अळी. दुसरं सोललं. त्यातही. मग ती लाल बाजूला गेली, एक सोललं, दाण्यांवरून अंगठा फिरवला आणि भराभरा तोडायला लागली. टोपली भरली. झिबुयिलेने हातातलं भांडं उगाच दोनदा विसळलं.

दुसऱ्या गुरुवारी तेच. मधल्या दिवसांत रोज सकाळी तीन, संध्याकाळी तीन. माहेरचे पाहुणे आले, लाल बाजूची पाटी. धाकटीच्या शाळेतल्या बाई आल्या, लाल बाजूची पाटी. पाहुण्यासमोर किडकं कणीस ठेवायचं नसतं, हे झिबुयिलेलाही मान्यच होतं. तिने स्वतःही त्यातली वाढली.

नळावर पाण्याला रांग होती तेव्हा माखोझाने विषय काढला. "तुझी सासू गुरुवारी काय कणसं आणते गं! एकाही बाईच्या दाताखाली अळी नाही. सगळ्या तुझ्या पुडक्याचे गुण गातात, देवाच्या आधी."

"गातील. वजनाच्या दिवशी काट्यावर गाणं चढत नाही."

माखोझाला क्षणभर कळलं नाही. मग तिने घागर खाली ठेवली. "अगं, सांग ना तिला! दोन्हीकडची सारखी तोड म्हणावं."

"सासूला सांगू? कणसं तोडू नका म्हणून? हिरवी कणसं?"

माखोझाने घागर पुन्हा उचलली. हे तिलाही सांगता आलं नसतं. वाटेने जाणाऱ्या उपाशी माणसानेही शेतातली दोन हिरवी कणसं तोडली तर त्याला कोणी हटकत नाही. हिरवं कणीस मोजायचं नसतं. जो मोजतो त्याचं कणीस भरत नाही, असं म्हणतात. सेले शहरात शिकलेले, त्यांनी वहीत ओळ लिहून दिली. पण कुठल्या घरातली सून दाराशी पेन्सिल घेऊन बसेल आणि सासूच्या टोपलीतली कणसं लिहील?

"तुमचं काय झालं?" झिबुयिलेने विचारलं.

"माझं? माझ्या लाल आणि पांढऱ्या दोन्ही बाजू माकडांनी सारख्याच वाटून खाल्ल्या. सेलेने त्यांनाच वही द्यायला हवी होती."

चार गुरुवार झाले. मग दाणा कडक झाला, गोगोच्या दातांना झेपेना, आणि तोडणं आपोआप थांबलं. वहीचं शेवटचं पान कोरंच राहिलं.

मे महिन्यात, तिकडच्या हिवाळ्याच्या तोंडावर, कापणी झाली. त्या भागात कणीस काढायची रीत अशी, की धाट उभंच ठेवायचं, वाळलेलं साल धाटावरच फाकवायचं आणि आतलं कणीस मुरडून काढून घ्यायचं. रिकामी सालं धाटावर लोंबत राहतात. पुढे गावचा इंदुना, म्हणजे मुखिया, दिवस ठरवून देतो, त्या दिवशी शेतं गुरांना मोकळी होतात आणि सालासकट सगळं फस्त होतं. त्या साली इंदुनाने मंगळवार सांगितला होता. सकाळी गुरं गोचिडांच्या औषधाच्या हौदातून पोहवून काढायची आणि तिथूनच शेतांत सोडायची.

वजन सोमवारी दुपारी झालं. सेले यांनी बाभळीच्या फांदीला काटा टांगला. मंडळातल्या सात-आठ जणी आल्या होत्या. दाणे सोलून दोन पोत्यांत भरलेले होते, पोत्यांच्या तोंडांना तेच धागे. गोगो चटईवर बसली होती, गुडघ्यावर घोंगडी.

पांढरं पोतं आधी चढवलं. एकसष्ट किलो.

मग लाल. काटा हलला, थांबला. अठ्ठावन्न.

सेले यांनी पोतं उतरवून पुन्हा चढवलं. अठ्ठावन्नच. "असं व्हायला नको," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "दाणा बघा, किती भरलेला आहे. मासिबिया, वही दाखवा. हिरवी कणसं कुठल्या बाजूची किती गेली?"

झिबुयिलेने वही दिली. शेवटचं पान बघून ते तिच्याकडे बघू लागले.

"लिहिली नाहीत?"

"नाही."

"अंदाजे तरी? लाल बाजूची जास्त तोडली का? कोणी तोडली?"

माखोझाचं तोंड उघडलं होतं. झिबुयिलेने तिच्याकडे एकदाच बघितलं आणि ते मिटलं. चार शब्दांचं काम होतं. ते चार शब्द बोलले की ओढ्याकाठचं शेत लाल बियाण्याला मिळालं असतं. पण मग पाहुण्यांच्या तोंडचे घास मोजणारी सून म्हणून ती गावात राहिली असती, आणि सेलेच्या काट्यावर लबाडी करणारी म्हणून सासू.

"येणाऱ्या-जाणाऱ्यांनी खाल्ली असतील, बाबा सेले," ती म्हणाली. "मोजली नाहीत."

गोगो पोत्यांकडे बघत होती. "ठरलं होतं तसंच, आणि काटा सगळ्यांनी बघितलाय," ती म्हणाली आणि घोंगडी झटकून उठली.

सेले यांनी वहीत दोन आकडे लिहिले आणि ती पिशवीत ठेवली. निघताना ते झिबुयिलेजवळ थांबले. "हाच आकडा मला मंडळापुढे वाचावा लागेल. दुसरा माझ्याकडे नाही."

"वाचा," ती म्हणाली.

मंगळवारी उजाडता उजाडता ती उठली. रात्रभर एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, आणि ती आधी का सुचली नाही याचा तिला राग येत होता. वाळलेलं कणीस काढलं की साल धाटावर राहतं. हिरवं कणीस मात्र सालासकट तोडतात, कारण ते सालासकट उकडतात. म्हणजे ज्या धाटावर साल नाही, त्याचं कणीस हिरवं गेलं. वहीत लिहिलं नसलं तरी शेतात लिहिलेलं होतं, आणि आठ वाजेपर्यंत गुरं येऊन ते खाऊन टाकणार होती. मोजून कोणाला सांगायचं, हे तिने ठरवलं नव्हतं. निदान आपल्याला तरी कळू दे, एवढंच.

ती घरामागे आली तर शेतात आधीच कोणीतरी होतं.

गोगो लाल बाजूच्या मधल्या ओळीत होती, थंडीने खांदे आखडलेले. डाव्या हातात राखेचा जुना डबा. धाटावर हात ठेवायची; साल लोंबत असेल तर पुढे. नसेल तर कमरेला बांधलेल्या फडक्यातल्या मक्याचा एक दाणा डब्यात. टण्. पुढचं धाट.

झिबुयिले काठीपाशी उभी राहिली. गोगोने तिला बघितलं होतं, पण आधी तिने ओळ पुरी केली.

"शंभराच्या पुढे माझा आकडा घसरतो," ओळीच्या टोकाला आल्यावर ती म्हणाली. "म्हणून दाणे आणले. शेवटच्या तीन ओळी राहिल्यात. तू कर. माझी कंबर गेली."

"आई, याची गरज नाही."

"गरज आहे की नाही ते मी सांगते. कर."

झिबुयिलेने डबा घेतला. तीन ओळी झाल्या. मग गोगोने पांढरी बाजू दाखवली. "ती पण. तिथले दाणे वेगळे ठेव. मुठीत मावतील."

मावले. पांढऱ्या बाजूला चौदा बोडकी धाटं होती. डब्यातले दाणे त्यांनी चटईवर ओतून दहा-दहाच्या ढिगाऱ्यांत मांडले. अठरा ढीग आणि वर सात.

"एकशे सत्याऐंशी," झिबुयिले म्हणाली.

गोगो ढिगाऱ्यांकडे बघत राहिली. "बायका खातात तरी किती," ती म्हणाली. मग, "काल तू का नाही बोललीस?"

"काय बोलणार होते?"

"तेच. म्हातारी गिळते म्हणून."

"पाहुण्यांना दिलीत. मी पण दिली."

"पहिल्या गुरुवारी मी पाहुण्यांसाठीच तोडली. चांगलं कणीस कुठे मिळतंय एवढंच बघितलं, देवाशपथ. वजन, काटा, काही डोक्यात नव्हतं." तिने एक ढीग बोटाने सरळ केला. "तिसऱ्या गुरुवारी होतं."

झिबुयिलेने मुठीतले चौदा दाणे घट्ट धरले.

"टोपली भरताना वाटलं, हे कमी होतंय. आणि हात थांबला नाही. माझं बी चुलीवर टांगलंय पन्नास वर्षं. ते कोणी पुडक्यातून येऊन हरवायचं, हे मला..." वाक्य पुरं न करताच तिने दाणे परत डब्यात भरायला घेतले. "काल तू बोलली असतीस तर मी नाही म्हणाले असते. सगळ्यांसमोर. आणि तुला खोटी पाडली असती. तू बोलली नाहीस, आता माझी पंचाईत झाली. चल, सेले हौदावर असेल."

"कशाला, आई? मी सांगेन त्यांना नंतर."

"तू सांगितलंस तर ते सुनेचं सांगणं. मी सांगितलं तर मोजणं. चल."

हौदावर अर्धा गाव होता. गुरं एकामागून एक पाण्यात उडी घेत होती, पुरुष काठ्या आपटत ओरडत होते, सेले कठड्यावर उभे राहून जनावरं लिहून घेत होते. माखोझा तिच्या दोन गायींना शिव्या देत उभी होती. गोगो सरळ कठड्यापाशी गेली आणि तिने डबा सेले यांच्यापुढे धरला.

"पोरा, हे लाल बाजूचे. आणि हिच्या मुठीत चौदा आहेत ते पांढऱ्याचे. हिरवी तोडलेली. धाटं अजून उभी आहेत, विश्वास नसेल तर पळत जा, गुरं निघायच्या आत."

"कोणी तोडली, गोगो?"

"मी. आणि माझ्या देवाच्या बायकांनी खाल्ली. त्यांना विचारू नकोस, त्या गुरुवारी खोटं बोलत नाहीत, पण आज मंगळवार आहे."

आधी माखोझाच हसली. मग हसू पुरुषांत पसरलं. सेले मात्र हसले नाहीत. वहीचं शेवटचं पान उघडून त्यांनी ओळीपुढे आकडे घातले, आणि पेन्सिलीने हिशेब केला. कापणीच्या पानावर लिहिलेली लाल बाजूची उरलेली साडेचारशे कणसं, त्यांचे अठ्ठावन्न किलो. त्या मापाने गेलेल्या एकशे सत्याऐंशींचे चोवीस. पांढऱ्याच्या चौदांचा सव्वा-दीड.

"लाल ब्याऐंशी," ते म्हणाले. "पांढरी बासष्ट. तिथे वीस किलो किड्याने खाल्ले, मासिबिया."

"आणि इथे चोवीस मी," गोगो म्हणाली. "किड्यापेक्षा माझी भूक मोठी निघाली."

सेले आता हसले. पण ते नेमके गृहस्थ होते, त्यामुळे लगेच म्हणाले, "हे मात्र या वर्षीचं. यंदा किडा जास्त होता. ज्या साली किडा कमी, त्या साली दोन्ही पुडकी सारखीच भरतील, आणि महागाचं पुडकं उगाच घेतलं असं वाटेल. आणि पाऊसच पडला नाही तर दोन्हीही नाहीत."

"हे आधी का नाही सांगितलंस?" गोगोने विचारलं.

"सांगितलं होतं. तेव्हा माखोझाच्या नवऱ्याच्या पोटावर सगळे हसत होते."

"ते पोट अजून आहे," माखोझा म्हणाली. "बघायचं असेल तर त्या गाईच्या मागे उभं आहे."

परत येताना वाटेत गुरं त्यांना ओलांडून पुढे गेली, औषधाच्या पाण्याने ओली. त्या दोघी घरी पोचल्या तेव्हा घरामागे काठीपर्यंत सगळं तुडवलं गेलं होतं आणि एक काळा बैल लाल धागा चघळत उभा होता.

"ओढ्याकाठचं शेत तुझं," गोगो म्हणाली. "पण वरच्या बांधाकडच्या आठ ओळी माझ्या. चुलीवरचं बी एक साल पेरलं नाही तर मरतं."

"सेले म्हणतात, तसं ठेवायचंच असतं. साधा मका थोडा बाजूला लावायचा. नाहीतर किडा हळूहळू नव्याला सरावतो."

"म्हणजे माझं बी किड्याच्या जेवणाला?"

"तुमचं बी तुमच्यासाठी, आई. किडा येईल तो पाहुणा."

गोगोने तिच्याकडे तिरकं बघितलं. सुनेच्या तोंडी हेही जरा जास्तच होतं. पण या वेळी झिबुयिलेने मान खाली घातली नाही, आणि गोगोने ती घालायला लावली नाही.

ऑक्टोबरात ओढ्याकाठी लाल पुडक्यांतलं बी पडलं, वरच्या बांधाला आठ ओळी धुरकट दाण्यांच्या. गोगो राखेचा डबा घेऊन तेवढ्याच ओळींत फिरायची. कंबरेलाही तेवढंच झेपत होतं.

फेब्रुवारीतल्या पहिल्या गुरुवारी सकाळी ती टोपली घेऊन निघाली आणि दारातच थांबली.

"मासिबिया! वही आण."

"कशाला?"

"तोडायला चाललेय. लिही."

"यंदा वजन नाही, आई," झिबुयिले आतून म्हणाली. "यंदा कशाला मोजायचं?"

गोगोने हातातल्या टोपलीकडे बघितलं. मग टोपली ठेवून तिने भिंतीला टेकवलेली वेताची मोठी पाटी उचलली आणि ओढ्याकडे चालू लागली.